कांदिवली: गुरू, लघु, लघु, गुरू

बोरिवली स्लो लोकल मालाड सोडते आणि डब्यात घोषणा होते, 'पुढील स्टेशन, कांदिवली'. रोज कानावर पडणाऱ्या या नावाकडे छंद म्हणून कोण बघतंय! शिवाय बोलताना आपण त्यातला 'व' निम्मा गिळतो, 'कांदिव्ली' म्हणतो आणि दाराकडे सरकतो. पण शाळेत वृत्तं शिकताना जशी अक्षरं सुटी करायचो तशी इथे केली, तर चार निघतात. कां गुरू, दि लघु, व लघु, ली गुरू. दोन्ही टोकांना लांब अक्षरं आणि मध्ये दोन आखूड. टेबलावर बोटांनी वाजवून बघा. हीच लय हंगेरीच्या नाचात, गाण्यात आणि कवितेत इतकी मुरलेली आहे की तिथले अभ्यासक तिला 'मग्यार कोरियांब' म्हणतात. कोरियांब हे ग्रीक छंदःशास्त्रातल्या एका गणाचं नाव, आणि मग्यार म्हणजे हंगेरियन.

हा अर्थातच योगायोग. पण त्याच्या पोटात एक खरी गोष्ट आहे. युरोपातल्या बऱ्याच भाषांत कविता चालते ती शब्दावर पडणाऱ्या जोरावर. मग्यार भाषा आपल्यासारखी अक्षराची लांबीही मोजते. तिच्यात स्वरांच्या ऱ्हस्व-दीर्घ अशा जोड्या आहेत, दीर्घ स्वरावर लिहिताना तिरपी रेघ येते आणि कवीला लघु-गुरूंचे गण पाडून लिहिता येतं. आपल्याकडे मोरोपंत आर्यांचे डोंगर रचून गेले, त्यांच्या पुढच्याच पिढीत तिकडे दानिएल बेर्झेन्यी नावाचा कवी शेतीवाडी सांभाळत रोमन वृत्तांत मग्यार कविता लिहीत होता. जिथे भाषाच मात्रा मोजते, तिथे कविता म्हणणारा आणि वाद्य वाजवणारा एका भिंतीचे शेजारी असतात. हंगेरीची लोकसंख्या एक कोटीसुद्धा नाही, म्हणजे एकट्या मुंबईहून कमी. त्या देशातून लिस्त, बार्तोक, दोहनान्यी, ॲनी फिशर, त्सिफ्रा, कोचिश, रांकी, शिफ अशी पियानोवादकांची रांग निघाली, याचं सगळं नाही तरी थोडं श्रेय या शेजाराला द्यायला हरकत नाही.

आधी नावांचं बघू, कारण त्यांतच अर्धं मर्म आहे. इंग्रजी स्पेलिंग वाचून आपण ज्याला कोडाली म्हणतो तो संगीतकार खरा 'कोदाय'. मग्यारमध्ये जोर कायम शब्दाच्या पहिल्या अक्षरावर येतो. इथे पहिलं 'को' ऱ्हस्व आहे आणि दुसरं 'दा' दीर्घ. जोर एका अक्षरावर, लांबी दुसऱ्यावर. आखूड सूर ठासून घ्यायचा आणि त्यामागचा लांब सूर हलक्या हाताने सोडायचा, ही त्यांच्या संगीताची सवय अशी घरातल्या नावांतूनच सुरू होते. मग्यार माणूस आडनावही आधी लावतो: लिस्त फेरेन्त्स, बार्तोक बेला. आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं.

कांदिवलीत पूर्वेला आणि पश्चिमेला संध्याकाळी सोसायट्यांमधून फिरलं की कुठल्या तरी खिडकीतून पियानोचा रियाज ऐकू येतो. वाद्य बहुतेक वेळा की-बोर्डच असतं. वन बीएचकेमध्ये खरा पियानो ठेवायचा तर पलंग बाहेर काढावा लागेल. पोयसरच्या पोर्तुगीज काळातल्या चर्चमुळे या भागातल्या ईस्ट इंडियन आणि गोवेकर घरांना पट्ट्यांच्या वाद्यांची ओळख जुनीच आहे. आता मराठी, गुजराती, दाक्षिणात्य घरांतली मुलंही लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रेड परीक्षांना बसतात. अशा परीक्षांच्या पुस्तकांत बार्तोक हमखास भेटतो. त्याने १९०८-०९ मध्ये 'मुलांसाठी' या नावाने ८५ छोटे तुकडे लिहिले, तेही हंगेरियन आणि स्लोव्हाक लोकगीतांवर. पुढे 'मिक्रोकॉस्मॉस'मध्ये अगदी पहिल्या धड्यापासून मैफलीपर्यंत नेणारे १५३ तुकडे रचले. त्याच्या सुरुवातीच्या भागांवर त्याचा धाकटा मुलगा पेतर शिकला.

चारकोपच्या एखाद्या घरातली दहा वर्षांची मुलगी 'मुलांसाठी'तला तुकडा वाजवते तेव्हा ती 'वन-अँड, टू-अँड' असं मोजत असते. मोजणं चूक नाही. पण त्या सुरांखाली मुळात शब्द आहेत, कुणीतरी म्हटलेलं गाणं आहे, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. आपल्याकडे एखाद्या परदेशी मुलाने 'भोंडल्याचं गाणं' कागदावरून सुरात वाजवावं आणि मधल्या हत्तीचा त्याला पत्ताच नसावा, तसं हे.

बार्तोकच्या एका तुकड्यावर इथे थांबायला हवं. नाव 'सेकेयांच्या गावची संध्याकाळ'. सेकेय हे ट्रान्सिल्व्हेनियातले मग्यार बोलणारे लोक. इंग्रजी पुस्तकांत हा तुकडा 'ट्रान्सिल्व्हेनियातली संध्याकाळ' म्हणून छापतात. सुरुवातीला एक संथ चाल येते. ती पाच सुरांची आहे: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. आपला कान लगेच म्हणतो, हा तर धानी! मग अचानक नाचाची उडती चाल येते, पुन्हा संथ, पुन्हा उडती, आणि शेवटी संथ. कागदावर संथ चालीतले सूर बरेचसे सारख्या मापाचे छापलेले दिसतात. मुलं तसेच वाजवतात, आणि चाल मुंग्यांच्या रांगेसारखी चालते. बार्तोकने हा तुकडा स्वतः वाजवून ध्वनिमुद्रित केला आहे. तो ऐकला की पहिल्यांदा वाटतं, याने आपलंच लिहिलेलं वाचलं नाही की काय! एखादा सूर तो झटकन उरकतो, पुढच्यावर रेंगाळतो, ओळीच्या शेवटी श्वास घेतो. म्हातारी बाई ओसरीवर बसून काही सांगते आहे आणि आपण ऐकतो आहोत, असं वाटत राहतं.

या वाजवण्याला बार्तोकने 'पार्लांदो' म्हटलं, म्हणजे बोलल्यासारखं. नाचाची चाल 'तेम्पो जुस्तो', म्हणजे ठेक्यात. हंगेरियन लोकगीतांचे हे दोन मोठे वर्ग त्याने गावोगाव हिंडून ओळखले. त्या हिंडण्याची सुरुवात १९०४ मध्ये झाली. एका खेड्यातल्या घरी मुक्कामाला असताना शेजारच्या खोलीतून लिदी दोशा नावाची ट्रान्सिल्व्हेनियाची मोलकरीण गाताना त्याला ऐकू आली. तोवर हा तरुण शहरातलं जिप्सी बँडचं संगीत हेच खरं हंगेरियन संगीत समजत होता. मग कोदाय आणि तो मेणाच्या नळ्यांवर आवाज टिपणारा एडिसनचा फोनोग्राफ घेऊन निघाले. १९०६ मध्ये दोघांनी मिळून वीस लोकगीतांचं पुस्तक काढलं, १९०७ मध्ये बार्तोक सेकेयांच्या मुलखात गेला आणि तिथे त्याला ही पाच सुरांची जुनी गाणी सापडली. 'संध्याकाळ' त्याच्या पुढच्याच वर्षीची. गंमत म्हणजे यातल्या दोन्ही चाली त्याच्या स्वतःच्या आहेत, गोळा केलेल्या नाहीत. भाषा अंगात मुरल्यावर माणूस नवं वाक्य बोलतो, तसं त्याने केलं.

मराठी वाचकाला यातलं काही परकं वाटू नये. जात्यावरची ओवी म्हणजे आपली पार्लांदो. तिला ठेका आहे तो जात्याच्या फेऱ्याचा, पण अक्षरं त्यात हवी तशी लांबतात, आखडतात, आणि तिसऱ्या चरणानंतरचा तो तुटका चौथा चरण श्वासावर सुटतो. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये ओव्या गोळा केल्या. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्याचं मोठं काम उभं केलं. पुण्यात हेमा राईरकर आणि मूळचे फ्रेंच असलेले गी पॉयत्व्हाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. जमवण्यात आपण बार्तोकच्या मागे नाही. पण त्या ओव्यांवरून पियानोचं वा पेटीचं पहिलीच्या मुलासाठी पुस्तक कुणी रचल्याचं ऐकिवात नाही. ते रचलं असतं तर कांदिवलीतल्या मुलांना धानीचा रस्ता बुडापेस्टहून घ्यावा लागला नसता.

पण पियानो बोलणार कसा? पेटीवाला म्हणतो 'पेटी गायली पाहिजे', आणि भात्यातली हवा त्याच्या हातात असते. सूर धरून ठेवता येतो. पियानोला ती सोय नाही. पट्टी दाबली की आत लोकर-नमद्याची हातोडी तारेवर आपटते आणि त्याच क्षणापासून सूर मरू लागतो. मींड घेता येत नाही, आस वाढवता येत नाही. वादकाच्या हातात उरतं ते इतकंच: हातोडी किती वेगाने आपटायची, पुढचा सूर नेमका कधी आणायचा, आणि पायाखालच्या पेडलने मागच्या सुराची सावली किती ठेवायची. म्हणजे बोलणाऱ्या माणसाच्या हातात जे असतं तेच. शब्द तोंडातून सुटला की सुटला. जोर, विराम आणि घाई-सावकाशी तेवढी आपली. १८२१ मध्ये पॅरिसच्या सेबास्तियाँ एरारने हातोडीची अशी रचना पेटंट केली की पट्टी पूर्ण वर येण्याआधीच तोच सूर पुन्हा वाजवता यावा. त्याच कारखान्याचे पियानो घेऊन पुढे एक हंगेरियन मुलगा युरोपभर फिरला.

फेरेन्त्स लिस्त, जन्म २२ ऑक्टोबर १८११, गाव दोबोर्यान. आज ते गाव ऑस्ट्रियात आहे. लिस्तआधी वादकाची एकट्याची मैफल असा प्रकारच नव्हता. पियानोवाल्याबरोबर गायिका, व्हायोलिनवाला, कधी वाद्यवृंद, अशी मिसळ असायची. १८३९ मध्ये रोमला लिस्तने दुसरं कुणी न घेता वाजवायला सुरुवात केली आणि त्याला एका पत्रात 'संगीतातली स्वगतं' म्हटलं. नाटकवेड्या मराठी माणसाला हा शब्द समजावून सांगायला नको. पुढच्या वर्षी, ९ जून १८४० रोजी, लंडनच्या हॅनोव्हर स्क्वेअर रूम्समध्ये त्याची मैफल जाहीर झाली तेव्हा जाहिरातीत शब्द होता 'रिसायटल्स'. इंग्रजीत 'रिसाइट' म्हणजे पाठ म्हणणं, मुख्यतः कविता. लोक बुचकळ्यात पडले: पियानोवर कोणी कविता पाठ कशी म्हणणार? आज नरिमन पॉइंटच्या एनसीपीएच्या पत्रकात 'पियानो रिसायटल' वाचून कुणाला काही वाटत नाही. शब्द झिजून गुळगुळीत झाला. पण मुळात तो काव्यवाचनाचाच शब्द होता.

त्याच १८४० च्या जानेवारीत पेश्तच्या, म्हणजे आजच्या बुडापेस्टमधल्या, राष्ट्रीय नाट्यगृहात लिस्तला मानाची तलवार दिली गेली. त्याआधी १८३८ मध्ये दान्यूबच्या महापुरात पेश्त बुडालं तेव्हा त्याने व्हिएन्नाला मैफली करून पूरग्रस्तांसाठी पैसे पाठवले होते, त्यामुळे देश त्याच्यावर लुब्ध होता. कवी मिहाय व्योरोश्मार्तीने त्याला उद्देशून दीर्घ कविता लिहिली. लिस्तने उत्तर दिलं, पण चौदा वर्षांनी आणि वाद्यवृंदातून; १८५४ च्या त्या रचनेचं नाव 'हंगारिया', आणि प्रकाराचं नाव 'सिंफनिक पोएम', म्हणजे पुन्हा कविताच. यातला विरोधाभास असा की ज्याला देशाने आपला आवाज म्हटलं त्याला मग्यार धड बोलता येत नव्हतं. तो जर्मन आणि फ्रेंचमध्ये वाढला. उतारवयात मग्यार शिकायचा प्रयत्नही त्याने केला, तो फारसा तडीस गेला नाही.

तरीही १८७४ मध्ये त्याने मग्यार कवितेला पियानोची साथ दिली. शांदोर पेतोफी हा हंगेरीचा सर्वांत लाडका कवी, १८४९ च्या जुलैअखेर रणांगणात वयाच्या २६ व्या वर्षी नाहीसा झालेला. त्याचा मित्र, कादंबरीकार मोर योकाई याने 'मेलेल्या कवीचं प्रेम' ही कविता लिहिली आणि लिस्तने तिच्यासाठी पियानो रचला. गाणं नाही; कविता बोलायची आणि पियानो तिच्याबरोबर चालायचा. या प्रकाराला 'मेलोड्रामा' म्हणतात. आपण तो शब्द रडक्या नाटकांना वापरतो, ते सोडून द्या. बुडापेस्टला योकाईची पत्नी, नामवंत नटी रोझा लाबोरफाल्वी, कविता म्हणाली आणि लिस्त पियानोवर बसला. तिथे पियानो पार्श्वभूमीला लावलेली उदबत्ती नव्हती. नटीने ओळ सोडायची आणि वादकाने ती झेलायची असा मामला होता. यातलीच चाल घेऊन लिस्तने १८७७ मध्ये पेतोफीच्या स्मरणार्थ पियानोचा एक छोटा तुकडा केला, त्यात शब्द एकही नाही. मधल्या काळात, १४ नोव्हेंबर १८७५ रोजी, बुडापेस्टची संगीत अकादमी सुरू झाली होती आणि लिस्त तिचा पहिला अध्यक्ष होता. त्याचा शिष्य इश्तवान तोमान आणि तोमानचा शिष्य बार्तोक, असं घराणं सरळ लागतं.

जाता जाता: जर्मनीत वायमारला असताना लिस्तच्या घरी पियानो आणि हार्मोनियम एकाच खोक्यात बसवलेलं एक अजब वाद्य होतं. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसमध्ये १८४२ चं. पुढे तेच वाद्य हिंदुस्थानात येऊन मांडीसमोर बसलं, भाता डाव्या हाताकडे गेला आणि ते पेटी झालं. म्हणजे पेटी लिस्तच्याही घरी होती.

आता ऑक्टोबर १९५६ चे दोन दिवस. ड्यॉर्ज त्सिफ्रा हा बुडापेस्टच्या एका गरीब रोमा घरातला मुलगा. आजारपणात अंथरुणावरून बहिणीचा रियाज बघत पियानो शिकला, पाच वर्षांचा असताना सर्कशीत लोकांनी गुणगुणलेल्या चालींवर ऐनवेळी वाजवून दाखवायचा. नवव्या वर्षी लिस्त अकादमीत. महायुद्धानंतर पोटासाठी बारमध्ये वाजवलं, १९५० मध्ये देश सोडून पळताना पकडला गेला आणि १९५३ पर्यंत कैदेत राहिला. तिथे दगड वाहून मनगटं इतकी दुखावली की नंतर मैफलीत तो मनगटावर चामड्याचा पट्टा बांधायचा. २२ ऑक्टोबर १९५६ च्या संध्याकाळी या माणसाने बुडापेस्टमध्ये बार्तोकचा दुसरा पियानो कॉन्चेर्तो वाजवला. पियानोच्या साहित्यातल्या अत्यंत अवघड रचनांत तो मोडतो, आणि वाद्यवृंद मारिओ रॉसीच्या हाताखाली होता. त्या मैफलीचं ध्वनिमुद्रण आहे. ऐकताना हात आखडतात.

दुसऱ्या दिवशी, २३ ऑक्टोबरला, विद्यार्थ्यांचा मोर्चा पेतोफीच्या पुतळ्यापाशी जमला. नट इम्रे शिन्कोविच पुढे झाला आणि त्याने पेतोफीचं 'राष्ट्रगान' म्हटलं, १८४८ च्या मार्चमधल्या क्रांतीचं. ध्रुपदाच्या ओळीवर गर्दी त्याच्याबरोबर बोलू लागली. त्या रात्री सोव्हिएत वर्चस्वाविरुद्धच्या उठावाला तोंड फुटलं. रशियन रणगाड्यांनी तो चिरडला. त्सिफ्रा बायको-मुलाला घेऊन सीमा ओलांडून व्हिएन्नाला आणि तिथून पॅरिसला गेला. शिन्कोविचला काही वर्षं राष्ट्रीय नाट्यगृहाबाहेर काढावी लागली. एक कविता म्हणण्याची एवढी किंमत. आपल्याकडे शाहीर अमर शेख डफ घेऊन उभे राहिले की मैदानं कशी पेटत, हे ज्यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात, त्याच १९५६ मध्ये, पाहिलं त्यांना पुतळ्यापाशी काय झालं असेल ते वेगळं सांगावं लागणार नाही.

हंगेरीत कविता म्हणणं हा आजही मानाचा धंदा आहे. त्याला 'वेर्शमोंदाश' म्हणतात. नट नाटक करतो तशा कवितेच्या संध्याकाळी करतो, मुलं शाळाशाळांतून पाठांतराच्या स्पर्धांना जातात. ११ एप्रिल हा कवितेचा दिवस १९६४ पासून साजरा होतो, कारण १९०५ मध्ये त्या दिवशी अत्तिला योझेफ जन्मला. धोब्याचं काम करणाऱ्या आईचा हा मुलगा १९३७ च्या डिसेंबरात बालातोन सरोवराच्या दक्षिण काठावर रेल्वेखाली गेला. त्याच्या कविता सर्वांत भेदक म्हणणारा नट झोल्तान लातिनोविच १९७६ मध्ये त्याच काठावर, काही मैलांवर, रेल्वेखालीच गेला. सरोवराच्या उत्तर काठावर मात्र एक वेगळी खूण आहे: १९२६ मध्ये बालातोनफ्युरेदच्या आरोग्यधामात उपचार घेऊन बरे झालेल्या रवींद्रनाथ ठाकुरांनी तिथे झाड लावलं, आणि काठावरच्या रस्त्याला त्यांचं नाव आहे.

कवी शांदोर व्योरेश याच्याशिवाय ही कहाणी अपुरी राहील. त्याने शाळकरी वयात लिहिलेल्या एका कवितेला कोदायने १९३३ मध्ये समूहगानाची चाल दिली. व्योरेशने मग शब्दांचेच रियाज लिहिले आणि त्यांना नावही पियानोवाल्यांकडून घेतलं: 'मग्यार एट्यूड'. बोटं मोकळी करायला एट्यूड वाजवतात, तशा या जीभ आणि कान मोकळे करणाऱ्या कविता. आज हंगेरीतलं प्रत्येक मूल त्यांवर वाढतं. विंदा करंदीकरांच्या बालकवितांमध्ये अक्षरं जशी आपल्याच नादाने उड्या मारतात, त्याच जातीचं हे काम. याच व्योरेशने जयदेवाचं 'गीतगोविंद' मग्यारमध्ये नेलं.

आणि आता आपलं घर. विंदा, मंगेश पाडगावकर आणि वसंत बापट या तिघांनी महाराष्ट्र पालथा घालून कविता म्हटली. तिघांची तऱ्हा वेगळी. विंदांचा आवाज हातोड्यासारखा आपटायचा, पाडगावकर जाड भिंगांमागून खट्याळपणे ओळ सोडायचे, बापटांना मंचावरचा नट अंगभूत होता. साथीला वाद्य नाही, पडदा नाही, आणि तरी सभागृहं भरायची. दुसरीकडे पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई. पुलंचं बालपण पश्चिम रेल्वेवरच्या जोगेश्वरीत आणि पार्ल्यात गेलं, कांदिवलीहून चार-सहा स्टेशनं अलीकडे. त्यांचे आजोबा 'ऋग्वेदी' यांनी रवींद्रनाथांची 'गीतांजली' अभंगात उतरवली होती. पुलंची पेटी सगळ्यांना ठाऊक आहे. पण बा. भ. बोरकर आणि मर्ढेकर यांच्या कवितांचे त्या दोघांनी केलेले कार्यक्रम ऐकले की कळतं, पेटीवाल्याचा हात त्या वाचनात आहे. विराम कुठे धरायचा आणि सम कुठे दाखवायची हे पुलंना बोटांतून माहीत होतं. सुनीताबाई तर मर्ढेकरांची ओळ अशी ठेवत की त्यातला एकही शब्द हललेला चालू नये.

त्यांच्याशेजारी एक हंगेरियन जोडपं ठेवावंसं वाटतं. ड्यॉर्ज आणि मार्ता कुर्ताग. कुर्ताग संगीतकार, मार्ता पियानोवादक. म्हातारपणी ते दोघं मंचावर भव्य ग्रँड पियानो सोडून साध्या उभ्या पियानोपुढे एकाच बाकावर बसत, आवाज दबवणारा पेडल लावून, प्रेक्षकांकडे पाठ करून. चार हातांनी बाख आणि कुर्तागने १९७० च्या दशकापासून लिहिलेले 'खेळ' वाजवत, कधी हात एकमेकांवरून जात. हजार माणसं श्वास धरून घरातलं बोलणं ऐकल्यासारखी ऐकत. २०१९ मध्ये मार्ता गेली.

आपल्याकडे अलीकडे काव्यवाचनामागे बासरी किंवा सिंथेसायझर सोडून देण्याची रीत पडली आहे. कविता दुःखी असेल तर बासरी, देशभक्तीची असेल तर ढोल. ही साथ कवितेला झेलत नाही, नुसती वाहत राहते. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा दिनाचे इतके कार्यक्रम होतात. त्यांतल्या एखाद्यात मेलोड्रामाचा प्रयोग का होऊ नये? एक म्हणणारी, एक पियानो वा पेटी वाजवणारा, आणि दोघांनी महिनाभर एकत्र तालीम केलेली. कांदिवलीच्या रसिकाला त्यासाठी नरिमन पॉइंट गाठायला नको. एक स्टेशन पुढे बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह आहे.

वाद्याची अडचण मात्र खरी आहे. पियानोत साधारण २३० तारा असतात आणि त्यांचा मिळून ताण १८-२० टनांच्या घरात. पावसाळा लागला की आतल्या लाकडी साउंडबोर्डला दमट हवा लागते, तो फुगतो, तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो. पट्ट्या फुगून अडकतात. म्हणून मुंबईतले जुने पियानोवाले खोक्यात तळाशी एक बारका दिवा लावून ठेवत, आत ऊब राहावी म्हणून. की-बोर्डला यातलं काहीच लागत नाही. त्यावरही बार्तोक बोलतो, पट्टी दाबण्याचा जोर ओळखणारा असला म्हणजे झालं.

पियानो शिकवणाऱ्यांनी आणि क्लासबाहेर चपलांच्या ढिगाशेजारी थांबलेल्या आईबाबांनी एवढंच करून पाहावं. तुकडा हातात घेण्याआधी मुलाला त्याच्या पाठ असलेल्या मराठी कवितेची दोन कडवी मोठ्याने म्हणायला लावा, मोजू नका. मग 'सेकेयांच्या गावची संध्याकाळ' खुद्द बार्तोकच्या हातची ऐकवा. शोधलं की सहज मिळते. जेमतेम तीन मिनिटांची आहे. मालाड सुटल्यावर लावली, तर कांदिवली येता येता संपते.